चिमणीच्या हारातलं फूल

यंत्रं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. चिमणी नावाच्या छोट्या गाडीला शर्यतीसाठी नायट्रस वायूची बाटली बसवली. त्या वायूच्या जोरावर ती बाणासारखी सुटायची. पण सोबत पेट्रोल कमी पडलं, तर इंजिनच वितळायचं. म्हणून पेट्रोलच्या नळीवर एक इवलासा खटका राखणीला बसवला होता.

ऐन शर्यतीत खटक्याने वायूचा पुरवठा तोडला. चिमणी हरली.

"मध्येच कशाला कडमडलास?" ती खेकसली.

"ताई, पेट्रोल येईनासं झालं होतं," खटका म्हणाला. "हरलीस, पण धड घरी आलीस."

गॅरेजात नळी उघडली, तर आत कचऱ्याचा बोळा!

दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. तेव्हा ती मुद्दाम अशी थरथरली, की एक फूल बॉनेटच्या फटीतून थेट खटक्यापाशी पडलं.