सगुणाने न ऐकलेली गोष्ट

"सगळं समजलं?" राजा रणधीरसेनाने मिशीला पीळ देत विचारलं.

"हो महाराज!" सगळी पाठशाळा एका सुरात ओरडली.

"नाही महाराज," माळ्याची सगुणा म्हणाली.

शास्त्रीबुवांना घाम फुटला. राजेसाहेब प्रधानजींना घेऊन थोरल्या मुलांना आपल्या वाघाच्या शिकारीची हकिगत सांगायला आले होते आणि सकाळपासून बोलतच होते!

"आम्ही बोलत असताना तुझं लक्ष नव्हतं?"

"मधे थोडा वेळ नव्हतं, महाराज."

"असं? मग जे ऐकलं नाहीस, तेच आता सांग! नाही सांगता आलं, तर या पाठशाळेला आजच कुलूप!"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. न ऐकलेलं सांगायचं कसं? सगुणाने डोळे मिटले, ऐकलेलं सगळं मनात पहिल्यापासून फिरवून पाहिलं आणि डोळे उघडले.

"महाराज, वाघ दिसला तेव्हा आपण घोड्यावर होतात. तेव्हा माझ्या मनात आलं, बिचारा घोडा किती घाबरला असेल! त्या विचारात मी हरवले. भानावर आले, तेव्हा आपण झाडावर होतात. म्हणजे मी ऐकलं नाही ते एवढंच, की महाराज घोड्यावरून झाडावर गेले कसे?"

राजा चपापला. "पण हरवल्याचं तुला कळलं कसं?"

"ऐकताना मी मनात चित्र काढत जाते, महाराज. चित्रातला घोडाच नाहीसा झाला, तेव्हा कळलं!"

"प्रधानजी, तुम्ही तर अगदी पुढ्यात बसून माना डोलावत होतात. सांगा हिला, आम्ही झाडावर कसे गेलो?"

प्रधानजी दचकून उभे राहिले. "आपल्या... आपल्या अतुल पराक्रमाने, महाराज!"

राजा खो खो हसत सुटला. "अहो, घोड्याने आम्हाला पाडलं! अन् आम्ही धोतर सावरत झाडावर चढलो! तेवढंच जरा हळू आवाजात सांगितलं होतं!"

पाठशाळा हसून लोटपोट झाली. शास्त्रीबुवांनी उपरण्याने घाम पुसला. राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून सगुणाला दिला.

"आणि आजपासून आमच्या बोलण्यात जो हरवेल, त्याने बेधडक हात वर करावा. आम्ही थांबू आणि पुन्हा सांगू! तर मंडळी, पुढच्या शिकारीला झालं असं..."

लगेच एक हात वर गेला. प्रधानजींचा!