फोनच्या रेघा हरवल्या

डोंगराखाली एक घर. घराला एक खिडकी. खिडकीत एक नाकतोडा. हिरवा हिरवा, काडीएवढा.

घरात राहायची शेवंती, आणि राहायचे तिचे आजोबा. शेवंतीची आई दूर शहरात होती. तिथल्या दवाखान्यात ती आजारी माणसांची काळजी घ्यायची. रोज ऊन उतरलं की आईचा फोन यायचा. ट्रिंग ट्रिंग. आजोबा फोन खिडकीत ठेवायचे. आणि आई गाणं म्हणायची.

शेवंती ऐकायची. नाकतोडाही ऐकायचा.

नाकतोड्याला आई नव्हती. तो अंड्यातून बाहेर आला, तेव्हा भोवती नुसतं गवत होतं. म्हणून त्याला वाटायचं, त्या गाण्यातलं थोडंसं आपल्यासाठीही असेल.

एके दिवशी मोठा वारा सुटला. सूं सूं. सूं सूं. वारा गेला. ऊन उतरलं. पण फोन वाजला नाही.

फोनच्या वरच्या कोपऱ्यात रेघा असायच्या. एक छोटी, एक मोठी, एक तिच्याहून मोठी, एक सगळ्यांत मोठी. आज एकही रेघ नव्हती. तिथे फुली होती.

आजोबांनी फोन बंद केला. परत चालू केला. रेघा आल्या नाहीत. विमानाचं चित्र दाबलं. परत दाबलं. रेघा आल्या नाहीत. इवलंसं सिमकार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं, परत बसवलं. रेघा आल्या नाहीत. मग आजोबा अंगणात गेले. त्यांनी फोन उंच धरला, आणखी उंच धरला. रेघा काही आल्या नाहीत.

रात्र गेली. दुसरा दिवस आला. आजोबांनी वरणभात कालवला. शेवंतीने तोंड फिरवलं. ती खिडकीकडे बघत बसली. रडलीसुद्धा नाही.

नाकतोड्याला ते बघवेना. तो फोनजवळ गेला.

"फोनदादा, फोनदादा,
आईचं गाणं येत नाही.
तू बोल ना."

फोन म्हणाला, "टॉवर जागा होईल, तर मी बोलेन."

नाकतोडा निघाला. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

डोंगरावर टॉवर उभा होता. उंच उंच, माडाहून उंच. त्याच्या डोक्यावर लाल दिवा असायचा. आज दिवा विझला होता.

"टॉवरदादा, टॉवरदादा,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तू जागा हो ना."

टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. टॉवर हळूच म्हणाला, "तार वीज देईल, तर मी जागा होईन."

नाकतोडा निघाला. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. दगडावरून, धोंड्यावरून.

खाली खांबावर तार होती. तिच्यावर आंब्याची मोठी फांदी पडली होती. तार वाकली होती.

"तारेताई, तारेताई,
टॉवर जागा होत नाही,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तू वीज दे ना."

तार म्हणाली, "वायरमनकाका चढून फांदी काढतील, तर मी वीज देईन."

नाकतोडा निघाला. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. चिखलातून, काट्यांतून. आता त्याचे पाय दुखू लागले.

वायरमनचं नाव भैरूकाका. कालपासून ते या खांबावरून त्या खांबावर चढत होते. त्यांच्या डोळ्यांत झोप होती. ते पारावर बसून पाणी पीत होते.

"वायरमनकाका, वायरमनकाका,
तार वीज देत नाही,
टॉवर जागा होत नाही,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तुम्ही चढा ना."

भैरूकाकांनी नाकतोड्याला तळहातावर घेतलं. त्यांची शिडी वाऱ्याने मोडली होती. शेवंतीच्या घरामागे मात्र एक लांब शिडी होती. काका म्हणाले, "शिडी येईल, तर मी चढेन."

नाकतोडा निघाला. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. आला तसाच परत, घराकडे.

घरामागे भिंतीला टेकून शिडी उभी होती.

"शिडीताई, शिडीताई,
वायरमनकाका चढत नाहीत,
तार वीज देत नाही,
टॉवर जागा होत नाही,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तू ये ना."

शिडीला शेळी बांधली होती. शिडी म्हणाली, "शेळी हलेल, तर मी येईन."

शेळी तिथेच बसली होती. पाला चावत होती. कुरुम कुरुम.

"शेळीमावशी, शेळीमावशी,
शिडी येत नाही,
वायरमनकाका चढत नाहीत,
तार वीज देत नाही,
टॉवर जागा होत नाही,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तू हल ना."

शेळीने गळ्यातलं दावं दाखवलं. शेळी म्हणाली, "आजोबा दावं सोडतील, तर मी हलेन."

नाकतोडा निघाला. टुणुक. टुणुक. आता उड्या छोट्या झाल्या होत्या.

आजोबा शेवंतीजवळ बसले होते. हातात वरणभाताचं ताट होतं. भात गार झाला होता.

"आजोबा, आजोबा,
शेळी हलत नाही,
शिडी येत नाही,
वायरमनकाका चढत नाहीत,
तार वीज देत नाही,
टॉवर जागा होत नाही,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तुम्ही दावं सोडा ना."

आजोबांनी शेवंतीकडे पाहिलं. पोरीच्या पोटात कालपासून काही नव्हतं. तिला तशी सोडून उठायला त्यांचा पाय निघेना. ते म्हणाले, "शेवंती घास खाईल, तर मी दावं सोडीन."

नाकतोडा शेवंतीच्या गुडघ्यावर चढला. टुणुक.

"शेवंती, शेवंती,
आजोबा दावं सोडत नाहीत,
शेळी हलत नाही,
शिडी येत नाही,
वायरमनकाका चढत नाहीत,
तार वीज देत नाही,
टॉवर जागा होत नाही,
फोन बोलत नाही,
आईचं गाणं येत नाही.
तू घास खा ना."

शेवंती म्हणाली, "आई बोलेल, तर मी घास खाईन."

नाकतोड्याने फोनकडे पाहिलं. फोन टॉवरकडे पाठवणार. टॉवर तारेकडे पाठवणार. तार वायरमनकाकांकडे पाठवणार. आणि फिरून फिरून तो इथेच येणार, शेवंतीच्या गुडघ्यावर.

त्याने उडी मारून पाहिली. पाय उचलेना.

"मी सगळ्यांकडे गेलो," तो म्हणाला. "आता कोणाकडे जाऊ?"

घरामागे शेळीने चावणं थांबवलं.

शेवंतीने नाकतोड्याला नीट पाहिलं. त्याच्या पायांना चिखल लागला होता. एक मिशी वाकडी झाली होती. आणि तो तिच्याकडेच बघत होता, कारण आता दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

तिला घास नको होता. तिला आई हवी होती. तिचे डोळे भरून आले.

तरी तिने तोंड उघडलं.

आ.

आजोबांनी घास भरवला. शेवंतीने तो हळूहळू चावला आणि गिळला.

मग काय झालं?

शेवंतीने घास खाल्ला,
आजोबांनी दावं सोडलं,
शेळी हलली,
शिडी निघाली.

आजोबांनी शिडी खांद्यावर घेतली. शेवंतीने त्यांचं बोट धरलं. नाकतोडा शेवंतीच्या खांद्यावर बसला. फोन आजोबांच्या खिशात होता. सगळे खांबापाशी आले. भैरूकाकांनी आधी विजेचा खटका बंद केला. हातांत जाड मोजे घातले. शेवंतीला दूर उभं राहायला सांगितलं. मग ते चढले. करवत चालली, खर्र खर्र. फांदी पडली, धप्प. काका उतरले आणि त्यांनी खटका परत चालू केला.

वायरमनकाका चढले,
तारेने वीज दिली,
टॉवर जागा झाला.

डोंगरावर लाल दिवा लागला. आजोबांनी खिशातून फोन काढला. सगळे वाकून बघू लागले. फुली गेली. एक रेघ आली. दुसरी आली. थोडं थांबून तिसरी आली. मग चौथी.

ट्रिंग ट्रिंग.

आई कालपासून फोन लावत होती. ती घाईघाईने म्हणाली,

"शेवंते, जेवलीस का ग?"

"एक घास," शेवंती म्हणाली. "नाकतोड्यासाठी खाल्ला."

मग तिने आईला सगळं सांगितलं. टॉवरचं सांगितलं, तारेचं सांगितलं, शिडीचं आणि शेळीचंही सांगितलं. आई ऐकत राहिली. मग आईने विचारलं, तो नाकतोडा तिथे आहे का.

"आहे. त्याचे पाय दुखतायत."

आई म्हणाली, "फोन त्याच्याजवळ धर. आजचं गाणं त्याचं."

शेवंतीने फोन खांद्याजवळ धरला. आई गाऊ लागली. आजोबा शिडीवर हात ठेवून उभे राहिले. भैरूकाका खांबाला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

नाकतोड्याने मिशा खाली केल्या. पाय पोटाशी घेतले. आज त्याला थोडंसं गाणं मिळालं नाही. आज त्याला सगळं गाणं मिळालं.

गाणं सरलं, ऊन कललं,
गोष्टीनेही अंग टेकलं.