एक टीबीचा आग्रह

सारोळ्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष अप्पासाहेब चौबळ म्हणजे बडं प्रस्थ. ते बोलले की समितीने मान डोलवायची, असा रिवाजच होता. यंदा नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा अप्पासाहेबांनी फर्मावलं, "एक टीबीचाच घ्यायचा, पूर्ण हजार जीबी! माझ्याकडे तोच आहे."

ग्रंथपाल मंदाकिनी तळेले म्हणाल्या, "अप्पासाहेब, आपल्याला पुस्तकांच्या नोंदीच ठेवायच्या आहेत. २५६ जीबी पुष्कळ झाले. त्या एका महागड्याच्या पैशात साधे दोन येतील. दुसरा अभ्यासिकेतल्या मुलींना देऊ."

"ताई, तुम्ही पुस्तकं सांभाळा. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

समिती हसली. मंदाकिनीबाईंचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"कळत नाही म्हणूनच विचारते. तुमच्या लॅपटॉपमध्ये आजवर किती भरलंय?"

लॅपटॉप समोरच होता. अप्पासाहेबांनी ऐटीत उघडून वाचलं, "शंभर जीबी."

"किती वर्षांत?"

"पाच."

"म्हणजे हजार भरायला पन्नास वर्षं लागणार. अप्पासाहेब, तुम्ही शंभरी नक्की गाठाल, पण हा लॅपटॉप काही पन्नाशी गाठायचा नाही!"

आता समिती पोट धरून हसली. अप्पासाहेबांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं, मग त्यांनाही हसू आवरेना. चिटणिसांकडे वळून ते म्हणाले, "लिहा, दोन लॅपटॉप."

आठवड्याभरात दोन्ही आले. अभ्यासिकेतला लॅपटॉप सुरू करायचा मान मुलींनी मंदाकिनीबाईंना दिला, आणि पहिली टाळी वाजवली ती अप्पासाहेबांनी.