नफ्याला जागा हवी!

गुलाबशेठ कोठावळ्यांना नफा झाला आणि त्यांची झोप उडाली! तोटा झाला असता, तर निदान कामावरच्या बायकांवर ओरडून तरी सुखाने घोरले असते.

शेठचा धंदा मोबाइलवरून लोणचं विकण्याचा. विट्यात बायका लोणचं घालायच्या आणि बरण्या कुरिअरने गावोगाव जायच्या. बरणीवर फोटो शेठचा, मिशांसकट! कैरी कुणी फोडली, मोहरी कुणी फेसली, हे छापायला मिशांपुढे जागाच उरली नव्हती.

आता हा नफा धंद्यात घालायचा कुठे? भाचा म्हणाला, "मामा, जाहिरात करू."

"नाही!"

मुनीम म्हणाला, "गाळा वाढवू."

"नाही!"

'नाही' म्हणायला पैसे पडत नाहीत ना, म्हणून तेवढं शेठ सढळ हाताने वाटत.

बरण्या खोक्यात भरणारी हौसा फटकळ. ती म्हणाली, "शेठ, झाकणं बदला. तेल गळतंय. गिऱ्हाइकं शिव्या घालतात."

"गिऱ्हाईक रडतंच! मी रोज हेच लोणचं खातो. माझ्या ताटात कधी नाही गळलं!"

"तुमच्या ताटात ते वाटीतून येतं. कुरिअरच्या गाडीत आदळत येत नाही."

शेठ भडकले. "फार शहाणी ना तू? मग येत्या बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत, 'नफा झाकणात घाला' असं माझ्याच तोंडून वदवून दाखव! नाही जमलं, तर दुसरीकडे काम बघ!"

हौसाच्या घरात कमावणारी ती एकटी. पण मान खाली घालील तर ती हौसा कसली! म्हणाली, "ठरलं!"

बाजाराचा दिवस उजाडला. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून शेठ गादीवर बसले, हौसाची फजिती बघायला. तेवढ्यात कुरिअरवाला आला. "शेठ, तुमच्या नावाचं पार्सल. पैसे आधीच भरलेत."

फुकट! शेठनी खोकं मांडीवर ओढलं, चिकटपट्टी दातांनीच तोडली आणि बदाबदा तेल! झब्बा गेला, गादी गेली, मिशीला मेथीचे दाणे लटकले!

"कोण हा चोर?" शेठ गरजले. "असला गळका माल पाठवतो आणि म्हणे धंदा करतो!"

हौसा गरिबासारखं तोंड करून म्हणाली, "नफा होत नसेल हो बिचाऱ्याला."

"होत नसेल? न व्हायला काय झालं! नफा काय चाटायला ठेवलाय मेल्याने? झाकणात घाल म्हणावं! आधी झाकणात घाल, मग धंदा कर!"

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या. हौसाने फडक्याने बरणी पुसली. तेलाखालून मिशा निघाल्या, मग शेठ निघाले, हसरे!

"माझ्या पदरच्या पैशाने मागवलं, शेठ. कुरिअरच्या पुण्यातल्या गोदामात फिरून आलंय. तुम्ही आज पहिल्यांदाच स्वतःचे गिऱ्हाईक झालात! आता त्या चोराला काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा. तुमच्या ओळखीचा दिसतोय."

शेठनी वाकून बरणीवरचा फोटो निरखला. मग मिशीतला मेथीचा दाणा गळून झब्ब्यावर पडला आणि ते असे हसले, असे हसले, की गादीवरचं तेल हिंदकळलं!

"हरलो, हौसे! झाकणं आजच मागव. आणि आजपासून तू धंद्यात दोन आणे भागीदार!"

"चार आणे," हौसा म्हणाली, "आणि झब्बा तुमचा तुम्ही धुवायचा!"

जन्मात पहिल्यांदा शेठ म्हणाले, "हो!"