एक माणूस सोडून

"एक माणूस सोडून म्हणता येईल का, बाबाजी?"

बाबा वरियामसिंग चुलीपाशी कडा-प्रसादाचा शिरा हलवत होते. हात थांबला नाही.

"काय म्हणायचंय?"

"अरदासची शेवटची ओळ. सरबत दा भला. सगळ्यांचं भलं होवो म्हणतो ना आपण... त्यातून एक जण वगळा. आजचा दिवस. माझ्या पोरासाठी तेवढं करा."

"व्यंकटला?"

"नाव नका घेऊ त्याचं!"

गोदावरीच्या काठावरचा तो लहानसा गुरुद्वारा. आत दलजितच्या नावानं ठेवलेला ग्रंथसाहिबाचा पाठ संपत आला होता. दलजित सुरजनसिंगाचा एकुलता एक. गावातल्याच व्यंकटनं उसाची ट्रॉली रस्त्यात उभी केली अन् गेला चहा प्यायला. दिवा नाही, मागं एखादी फांदीसुद्धा लावलेली नाही. दिवेलागणीला दलजितची मोटरसायकल त्या ट्रॉलीत घुसली. आवाज ऐकून व्यंकट धावत आला, पोरगं तडफडताना बघितलं, आणि पळाला. मेल्यानं कोणाला हाक तरी मारायची! दलजित बराच वेळ जिवंत होता म्हणे. हे 'म्हणे' सुरजनसिंगाला झोपू देत नव्हतं.

"तो आता जामिनावर सुटलाय," सुरजनसिंग म्हणाला. "माझ्या दुकानावरून मान खाली घालून जातो. त्याचं भलं मागू मी? कुठल्या तोंडानं?"

बाबा शिरा हलवत राहिले.

"इतकी वर्षं इथं भांडी घासली, बाबाजी. लोकांचे जोडे पुसले. कधी काही मागितलं? आज पहिल्यांदा मागतोय."

"म्हणजे मागण्यासाठी घासलीस."

सुरजनसिंगाला तोंडात मारल्यासारखं झालं. सेवेत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होती. पण बाबांना उलट बोलायचं कसं? गुरुमुखी अक्षरं त्यांनीच गिरवून घेतलेली. त्यांना कोणी गुरू म्हटलं की मात्र ते चिडायचे. म्हणायचे, गुरू आत ग्रंथसाहिबात आहेत, मी नुसता झाडूवाला.

"तुम्ही नाही म्हणताय तर."

"मला तशी अरदास येत नाही रे," बाबा म्हणाले. "तुला येत असेल तर तूच कर."

"करतो. मीच करतो!"

यात वावगं काही नव्हतं. शिखांमध्ये अरदास, म्हणजे पाठानंतरची प्रार्थना, कोणीही करावी, बाई असो की बाप्या, त्याला भटजी लागत नाही. एकानं पुढं उभं राहून म्हणायची, बाकीच्यांनी हात जोडून उभं राहायचं, आणि संपली की सगळ्यांनी मिळून माथा टेकायचा.

पाठ संपला. सगळे उठले.

सुरजनसिंग पुढं उभा राहिला. आवाज खणखणीत. गुरूंची नावं घेतली, धर्मासाठी ज्यांनी शीस दिलं त्यांची आठवण काढली, मग दलजितचं नाव घेतलं. तिथं आवाज फाटला. लेकराला तुझ्या चरणी जागा दे म्हणाला... आणि थांबला.

शेवटची ओळ म्हटलीच नाही. खाली वाकून माथा टेकला, सरळ झाला, मागं वळला.

मागं सगळे तसेच उभे होते, हात जोडून.

"झाली अरदास," तो म्हणाला. "बसा."

कोणी हललं नाही. कोणी रागानं बघत होतं असंही नाही. ओळ राहिलीय, ती येईल, म्हणून वाट बघत होते बिचारे. म्हातारीकोतारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. बाहेर लंगरात वरण निवत चाललेलं.

त्यानं बाबांकडं पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले. त्यांनी ती ओळ म्हणून टाकली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही.

बायांच्या रांगेत हरबन्सकौर उभी होती. त्याची बायको. गुडघे आधीच गेलेले, त्यात पोरगा गेल्यापासून धड अन्न नाही. तिनं खांबाला पाठ टेकली, पण हात सोडले नाहीत.

तो जवळ गेला. हळूच म्हणाला, "बस ना गं. पडशील."

"संपू दे."

"संपली म्हटलं ना."

"नाही संपली." तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरलं नव्हतं. "मला त्या मुडद्याचं काही पडलेलं नाही हो. पण ही माझ्या लेकराची अरदास आहे. अर्धी नका ठेवू... त्याचं सगळंच अर्धं राहिलं."

सुरजनसिंग परत पुढं गेला. तोंड उघडलं, शब्द येईना. दलजितचा चेहरा डोळ्यांपुढं आणावा तर आडवी ती ट्रॉली यायची, अन् ट्रॉलीमागं तो पळणारा माणूस. हात जोडलेले होते, पण बोटं एकमेकांत अशी रुतली की नखं पांढरी पडली.

"सरबत..." तो म्हणाला.

पुढचं त्यानं थुंकल्यासारखं बाहेर टाकलं.

जमलेल्या साऱ्या संगतीनं माथा टेकला. हरबन्सकौर खांबाला धरून खाली बसली, आणि पदरात तोंड खुपसून मोठ्यानं रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

प्रसाद वाटायला सुरुवात झाली, तोवर सुरजनसिंग घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला होता. बाबा तिथं आले. ओंजळीत प्रसाद होता.

"हात पुढं कर."

"नको, बाबाजी. खोटं बोललो मी आत. ग्रंथसाहिबासमोर खोटं बोललो. तोंडानं भलं मागितलं, आणि मनात... मनात तो त्याच ट्रॉलीखाली चिरडला जात होता."

बाबांनी त्याचा हात ओढून त्यात प्रसाद ठेवला आणि ते शेजारी बसले. खाली पाण्यात म्हशी डुंबत होत्या.

सुरजनसिंगानं मान वर केली. बाबांचाही एक मुलगा होता, गुरबख्श. उत्तरेकडं ट्रक घेऊन गेला होता, तिथं दंगलीत जमावानं त्याला जाळलं. ही गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत होती, पण बाबांपुढं काढायची छाती कोणाची झाली नव्हती. बाबा त्याही दिवशी अरदासला उभे राहिले होते आणि त्यांचा आवाज कापला नव्हता, असं लोक सांगत.

"बाबाजी... तुम्ही रोज म्हणता ती ओळ."

"हं."

"गुरबख्शला ज्यांनी... त्यांच्यासाठीसुद्धा? तुमच्या मनातून निघते?"

बाबांची नजर पाण्यावर होती. दाढीत एक थेंब उतरला, तो त्यांनी पुसला नाही.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले. जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या पहाटे अरदासला ये, पुत्तर," ते म्हणाले. "एकट्याला जड जाते मला."