पोट आणि मिशा

राजेसाहेबांच्या नव्या नाटकगृहाची पाटी अनसूया चितारणीनं रंगवली होती. अक्षरं ठसठशीत, गोलगरगरीत, टोकांना झोकदार वळणं, थेट आजोबांच्या काळातली! बाजूला राजेसाहेबांचं हुबेहूब चित्र, झुबकेदार मिशांसकट. नदीपलीकडून वाचता येणाऱ्या त्या अक्षरांचा अनसूयेला कोण अभिमान!

राजेसाहेबांनी मात्र नाक मुरडलं. "काय हे जुनाट ध्यान! अक्षरांची पोटं सुटलीत, वर मिशा फुटल्यात. विलायती फॅशनची सडसडीत कर, नाहीतर पाटी उतरव."

"जशी आज्ञा, सरकार." अनसूयेनं कुंचला उचलला. "पण मग सुधारणा दोन्हीकडं सारखी हवी. आपल्या चित्राचं आधी पोट आत घेऊ, की मिशा उतरवू?"

राजेसाहेबांचा हात झटकन मिशांवर गेला.

"राहू दे," ते गुरगुरले. "भारदस्त दिसतंय."

"तेच म्हणते मी," अनसूया म्हणाली आणि तिनं अक्षरांच्या पोटावर रंगाचा आणखी एक हात दिला.