रांजणाजवळची बैठक

एकदा एका निळाऱ्याच्या रंगशाळेत हेवा शिरला, आणि तो नेमका तिथल्या सर्वांत हुशार शिष्येच्या मनात जाऊन बसला.

रंगशाळेचे वृद्ध मालक म्हणजे अण्णा. तिथला जीव मात्र जमिनीत पुरलेल्या निळीच्या रांजणात होता. नीळ, चुना आणि टाकळ्याचे बी त्यात आंबत असे, आणि ते आंबवण सांभाळणे हे नानांचे काम. नाना अण्णांच्याच वयाचे. शिष्या पाच वर्षे ओले सूत पिळत होती. तिचे तान्हे ओसरीवरच्या झोळीत निजे. ते रडले की हातातले टाकून धावायचे, आणि धावताना आपण आई म्हणूनही कमी पडतो नि कारागीर म्हणूनही, असे मनाशी म्हणायचे. रांजणाची जागा मिळाली तर हे पिळणे सुटेल, एवढीच तिची आस होती.

त्या हिवाळ्यात नानांची कंबर धरली. आता जागा रिकामी होणार, हे शिष्येने गृहीतच धरले. पण अण्णांनी रांजणावर कप्पी बसवली, सूत दोरीने वर यावे म्हणून. शेजारी पाठ टेकायला लाकडी बैठक केली. "नाना, ऊन पडल्यावर या, दुपारी घरी जा," म्हणाले. दोरी ओढायला मात्र शिष्येला नेमले.

तेव्हापासून तिला दुसरे काही दिसेना. नाना केव्हा आले, किती वेळा उठले, कधी डोळे मिटून बसले, सगळे तिला पाठ.

"नुसतं बसायचं, वास घ्यायचा आणि मान हलवायची," ती सूत पिळणाऱ्या बायकांना म्हणे. "एवढं तर माझं बाळही करतं."

बायका हसत. तिला हसू येत नसे.

शेवटी ती अण्णांकडे गेली. "नानांनी फार कष्ट केले, अण्णा. आता सत्कार करून मानाने निरोप द्यावा. शाल मी आणते."

"आण की," अण्णा म्हणाले.

ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष तिने शाल अण्णांच्या हाती दिली. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली, चौघडी केली आणि नानांच्या बैठकीवर अंथरली.

"बसा नाना. लाकूड टोचतं म्हणत होतात ना."

एवढे बोलून ते निघून गेले. "घालवायला निघाली, नि गादी करून दिली," एक बाई पुटपुटली. शिष्येचे कान तापले.

पुढच्याच आठवड्यात नाना तापाने पडले, आणि अण्णांनी रांजण तिच्या स्वाधीन केला. सकाळी गारठा होता. रांजणावरची तांबूस साय निस्तेज दिसली. आंबवण बिघडले असे समजून तिने नानांच्या मापाने चुना घातला. दुसऱ्या दिवशी आणखी घातला. तिसऱ्या दिवशी साय गेली आणि रांजण पार निजला, आंबणेच थांबले. सूत वर येताना निळे दिसे, पाण्यात धुतले की पांढरे.

ती बाळाला कडेवर घेऊन नानांच्या दारी गेली. विचारायला दुसरे कोणी नव्हते. ताप उतरलेले नाना तिच्या खांद्याचा आधार घेत आले आणि त्यांनी रांजणात बोट बुडवून जिभेला लावले.

"चुना किती घातलास?"

"तुम्ही घालता तेवढाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"त्याला गारठा बाधला होता गं. तू औषध पाजलंस, पांघरूण घालायचं होतं. भोवती गरम राख टाक, गोणपाट गुंडाळ, आणि बी शिजवून घाल."

दोन दिवसांनी साय पुन्हा धरली. "पण ओळखलंत कसं?" तिने विचारले.

"ते सांगता आलं असतं तर पाच वर्षांपूर्वीच सांगितलं असतं."

ती अण्णांपुढे जाऊन उभी राहिली. "शाल मी त्यांना घालवायला आणली होती."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "लोकांना वाटतं, मी नानांवर दया करतो. दया असती तर घरी धान्य पोचवलं असतं. त्यांच्या कमरेला जेवढं झेपेना, तेवढंच काम मी काढून घेतलं. नाक आणि जीभ अजून कामावर आहेत. त्यांना शब्दांत सांगता येत नाही ते शिकायचं, तर शेजारी बसूनच शिकावं लागतं. इथे मी चुकलो, पोरी. त्यांना बैठक दिली, तुला दोरीला बांधलं. पण तुझा हेवा वाया घालवू नकोस. नानांकडे तुझ्याइतकं निरखून इथे कोणी पाहिलेलं नाही. आता ते नाक कधी वर करतात, ते पाहा."

दुसऱ्या दिवशी रांजणाजवळ आणखी एक बैठक आली, आणि दोरी ओढणे, सूत पिळणे सगळ्यांत पाळीने वाटले गेले. आपली बैठक नानांच्या बैठकीपेक्षा चार बोटे बुटकी आहे, हे शिष्येच्या नजरेतून सुटले नाही. ती तरीही बसली.

थोड्या वेळाने नानांनी नाक वर केले. तिनेही केले.

"काय?" त्यांनी विचारले.

"आंबट."

"उद्या होईल. आज अजून नाही. पुन्हा घे वास."

तिने डोळे मिटून पुन्हा वास घेतला, मग पुन्हा एकदा. ऊन डोक्यावर आले तसे नाना घरी जायला उठले. वेळ रोजचीच होती. तिला मात्र ते आज फार लवकर निघाले असे वाटले.